लसीच्या आधी तीन आठवडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लाळ्या-खुरकूत या जनावरांच्या साथरोगाच्या लसीकरणाची फेरी गावात आली की गोठ्यागोठ्यात तोच प्रकार चालतो. एकजण वेसण धरून मान पिळतो, दुसरा शेपूट मुरगाळतो, तिसरा बरगडीला खांदा लावून गाय भिंतीशी दाबतो आणि लस देणारा संधी साधून सुई मारतो. सुई आतबाहेर व्हायला दोन सेकंद पुरतात, वेळ जातो तो धरपकडीत. संध्याकाळी तीच गाय पान्हा चोरते आणि खापर लशीवर फुटते. लशीने एखादा दिवस अंग तापून दूध थोडे कमी होऊ शकते, हे नाकारायचे कारण नाही. पण भ्यालेल्या जनावराच्या रक्तात सुटलेले ॲड्रेनालिन पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येते, हा हिशेब कोणी धरत नाही.

२०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस दर सहा महिन्यांनी द्यायची असते. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्या रोगांच्या लसी, ओळखीसाठी कानातला बारा आकडी बिल्ला, जंताचे औषध, कृत्रिम रेतन, खुरांची छाटणी. परका हात जनावराच्या अंगाला वर्षभर लागतच राहणार. तो दर वेळी ताकदीने लागला तर पुढच्या वेळी जनावर मोटारसायकलचा आवाज ऐकूनच दावे ताणू लागते. सांगोल्याच्या माणदेशी खिलारासारखी तापट जात असेल तर विचारायलाच नको. यावर एक साधा, स्वस्त आणि जगभर वापरून जुना झालेला उपाय आहे, तो आपल्याकडे फक्त हौशी श्वानपालकांपुरता राहिला आहे. त्याला क्लिकर प्रशिक्षण म्हणतात. ते दावणीला कसे करावे, एवढ्यासाठी हे पत्र.

क्लिकर म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकची डबी. आत पोलादी पट्टी असते, ती दाबली की ‘टिक्’ वाजते. तो आवाज म्हणजे हुकूम नाही, हाक नाही. ‘आत्ता, या क्षणी तू जे केलेस त्याची खाऊ मिळणार’ एवढाच त्याचा अर्थ. शाब्बासकीच्या शब्दाने हे नीट साधत नाही, कारण शब्द दर वेळी वेगळ्या सुरात निघतो, लांबतो आणि जनावराच्या कानावर तो दिवसभर पडतच असतो. टिक् नेहमी सारखा आणि क्षणाचा असतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी असलेल्या मॅरियन व केलर ब्रेलँड या दांपत्याने १९४० च्या दशकात ही रीत प्रयोगशाळेबाहेर आणली. पुढे डॉल्फिनना शिट्टीवर शिकवले गेले. आज मोठ्या प्राणिसंग्रहालयांत हत्ती कान पुढे करून रक्त काढू देतो, जिराफ ठोकळ्यावर पाय ठेवून खूर घासू देतो, ते याच तत्त्वावर. हत्तीला धरून ठेवणे कोणालाच शक्य नसते, म्हणून तिथे अक्कल आधी वापरली गेली.

डबी मिळाली नाही तर खटक्याचे बॉलपेन चालते. फक्त एक गोष्ट करू नये. जिभेने ‘टक् टक्’ वाजवू नये. आपल्याकडे बैल हाकायचा आणि घोडा पुढे काढायचा तो याच आवाजाने. तोच आवाज ‘थांबलास म्हणून खाऊ’ या अर्थाने वापरला तर बैलाने कोणता अर्थ घ्यायचा? इंटरनेटवरचे परदेशी धडे पाहून शिकणाऱ्यांची इथे हमखास चूक होते.

आता खाऊ. गाई-म्हशींना शेंगदाणा पेंडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, लसूणघासाच्या दोन-तीन काड्या किंवा कडवळाचे कापलेले पाते. पेंड रोजच्या खुराकातूनच काढून ठेवावी, वरून वाढवू नये. दिवसभरात दोन मुठी भरपूर झाल्या. लाडाने ज्वारी, मका किंवा गूळ ओंजळीने घातला तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढते, चारा सुटतो, आणि शिकवणी राहते बाजूला. शिंगाच्या जनावराला तळहातावर खाऊ देऊ नये. मान वळवताना शिंग लागते आणि जनावर खिसे हुंगायला लागते. समोर घमेले ठेवावे आणि तुकडा त्यात टाकावा. वळूच्या बाबतीत मध्ये आडवे बांबू हवेतच.

पहिले दोन दिवस फक्त आवाजाची ओळख. टिक्, आणि सेकंदाच्या आत घमेल्यात तुकडा. पुन्हा टिक्, पुन्हा तुकडा. एका बैठकीला पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. क्रम मात्र पाळायचा: आधी आवाज, मग हात हलवायचा. हात आधी पिशवीत गेला तर जनावर आवाज ऐकत नाही, हाताकडे बघत बसते. जनावर दुसरीकडे बघत असताना टिक् केल्यावर त्याने झटकन घमेल्याकडे तोंड वळवले, की ओळख झाली. आधी अर्धा चारा खाऊ द्यावा. उपाशी जनावर घाई करते, पोट भरलेले लक्ष देत नाही. धार काढायच्या वेळेला ही शिकवणी जोडू नये. तास-दीड तास मध्ये राहू द्यावा. आणि सोलापूरचा उन्हाळा ध्यानात घेता मार्चपासून सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच करावे. दुपारी पत्र्याच्या गोठ्यात धापा टाकणारे जनावर काहीच शिकत नाही.

तिसऱ्या दिवसापासून जनावराला एक काम द्यायचे. काठीच्या टोकाला प्लॅस्टिकचा चेंडू किंवा डब्याचे झाकण बांधावे आणि ते नाकापासून वीतभर अंतरावर धरावे. गाय मूळची चौकस, ती हुंगायला पुढे येतेच. नाक टेकले त्या क्षणी टिक्. झाकण नाकाला लावायचे नाही, नाक झाकणाला लागले पाहिजे. हा फरक बारीक वाटतो, पण सगळी शिकवणी त्यावर उभी आहे. दोन-तीन दिवसांत गाय झाकण जिकडे जाईल तिकडे मान नेते. मग झाकण एका जागी धरून एक सेकंद, दोन, पाच, दहा सेकंद नाक टेकवून ठेवायला शिकवावे. ही तिची थांबायची जागा झाली. पुढे सगळे होते ते नाक झाकणाला असताना. नाक उचलले की आपला हातही मागे. थांबवणे आपल्या हातात आहे, हे एकदा कळले की जनावर बहुतेक वेळा थांबवतच नाही.

सुईची तयारी यानंतर. जवळ जायचे ते खांद्याच्या बाजूने, कारण पाठीमागे आणि अगदी कपाळासमोर गाईला दिसत नाही. पहिल्या दिवशी खांद्यावर तळहात एक सेकंद, टिक्, खाऊ. मग हात मानेकडे सरकवत न्यावा. लाळ्या-खुरकूतची लस मानेच्या स्नायूत देतात, तिथपर्यंत पोचायला एक दिवसही लागेल किंवा पाचही. त्यानंतर त्या जागी चिमूटभर कातडी धरणे. मग स्पिरिटचा बोळा. याला वेगळा दिवस द्यावा, कारण पुष्कळ जनावरे सुईच्या नव्हे तर त्या वासाच्या धाकाने बिथरतात. मग सुई नसलेली सिरिंज दाखवणे, टेकवणे, दाबणे. मग पेनाच्या टोपणाने टोचल्यासारखे करणे. शेवटी बोथट दात-कोरणीची हलकी टोच. दहापैकी आठ वेळा जनावर शांत राहिले तर पुढची पायरी. लागोपाठ दोनदा मान झटकली तर एक पायरी खाली. एका बैठकीला दहा-पंधरा वेळा, पाच मिनिटांच्या वर नाही. खऱ्या लशीच्या दिवशी सुई निघाली की टिक् आणि एकदम पाच-सहा तुकडे. त्यानंतरचे चार दिवस पुन्हा खोट्या टोचण्या कराव्यात. एका खऱ्या सुईमागे वीसेक खोट्या असतील तर सिरिंज म्हणजे दुखणे, असे समीकरण मनात पक्के होत नाही.

कानातल्या बिल्ल्यासाठी याहून सोपी युक्ती आहे. कानाला हात लावू देणे हे आधीच्याच पद्धतीने. मग कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा चिमटा कानाच्या मधोमध अर्धा सेकंद लावून काढायचा. हळूहळू तीन-चार सेकंदांपर्यंत न्यायचे. बिल्ला मारायचे यंत्र ‘खट्ट’ वाजते. तो आवाज आधी दहा हातांवरून, मग पाच, मग कानाजवळ रिकाम्या यंत्राने ऐकवावा. यंत्र मिळणे कठीण असेल तर मोठा स्टेपलर चालतो.

सगळ्यात जास्त बिघडते ते पुढच्या ठिकाणी. जनावराने लाथ झाडली किंवा मान हिसकली आणि आपण दचकून हात काढला, तर जनावर एकच धडा घेते: लाथ झाडली की त्रास जातो. दुसऱ्या टोकाचे लोक चिडून आणखी दाबतात, त्याने भीती वाढते. दोन्ही नको. हात आहे तिथे हलका करून थोपवावा, अंगातला ताण जरा उतरला की काढावा, आणि पुढच्या वेळी निम्म्याच अंतरापर्यंत जावे. लाथ आली याचा अर्थ आपण पायरी गाळली. त्याआधी जनावराने सूचना दिलेलीच असते. डोळ्याचे पांढरे दिसणे, मान वर ताठ होणे, रवंथ थांबणे, शेपूट मांडीत दाबणे, पातळ शेण टाकणे. यातले एक जरी दिसले तरी तिथेच थांबावे. आवडीची पेंड समोर असून तोंड न लावणे ही तर सरळ नोटीस आहे.

दुसरी चूक उशिरा टिक् करण्याची. हात लावला, गाय स्थिर राहिली, मग तिने मान फिरवली आणि आता आपल्याला टिक् आठवले. बक्षीस मिळाले ते मान फिरवण्याला. असे आठ दिवस केले की गाय नेमाने मान फिरवते आणि मालक म्हणतो, क्लिकर चालत नाही. तिसरी चूक पाटी दाखवून बोलावण्याची. पेंड समोर धरून जनावर खोड्यात, म्हणजे ते उभे अडकवायच्या चौकटीत, घालायचे आणि आत गेले की अडसर टाकायचा, हे शिकवणे नव्हे, फसवणूक आहे. ती एकदाच चालते. पुढच्या वेळी पेंडीची पाटी पाहूनच ते मागे सरते.

खोड्याचे तर असे की जनावर तिथे जाते ते फक्त दुखवून घ्यायला. मग त्याने का जावे? दवाखान्याच्या आवारातल्या किंवा चावडीजवळच्या खोड्यातून आठवड्यातून दोनदा जनावर नुसते आरपार न्यावे. मध्ये थांबवून झाकणाला नाक, टिक्, खाऊ, बाहेर. अडसर पाचव्या-सहाव्या खेपेपासून, तोही आधी नुसता वाजवून. खुरांना पत्र्या मारायला बैल पाडतात त्यात पाय अडकून मोडण्याची आणि पोट फुगण्याची भीती असते. उसाच्या गाडीवर जाणाऱ्या बैलाला उभ्याने पाय उचलू द्यायला शिकवणे त्याच्या मालकाला सर्वात फायद्याचे. त्यासाठी गुडघ्याखाली हात फिरवणे, पायावरचा भार हलला की टिक्, खूर जमिनीपासून बोटभर उचलला की टिक्, मग खुराच्या तळाला हातोडीचा हलका ठोका. पुढच्या पायांना दोन आठवडे धरावेत, मागच्यांना दुप्पट. वेसण एका रात्रीत काढा, असे आमचे म्हणणे नाही. पण म्होरकीवर आणि झाकणावर चालणाऱ्या बैलाच्या नाकावर ओढ कमी पडते, हे कोणालाही करून पाहता येईल.

शेळ्यांविषयी फार लिहायला नको. उस्मानाबादी शेळी हे सगळे निम्म्या दिवसांत शिकते आणि मग आपल्यालाच शिकवते. जंताचे औषध पाजायच्या पिचकारीत आधी चार-पाच दिवस गुळाचे पातळ पाणी थोडे थोडे द्यावे. डोके वर ओढू नये. नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर गेले की औषध श्वासनळीत जाण्याचा धोका असतो.

वरातीच्या घोड्यांचा उल्लेख मात्र करायला हवा, कारण अकलूजचा घोडेबाजार याच जिल्ह्यात भरतो. खोगीर पाठीवर टाकून तंग (पोटाखालचा पट्टा) एका दमात आवळला की घोडा पोट फुगवतो, चावायला वळतो. तंग एकेक भोक करून घट्ट करावा आणि प्रत्येक भोकानंतर कान पुढे असताना टिक् करावे. झूल आधी चौघडी करून, मग उलगडत. झालर आणि घुंगरू सर्वात शेवटी. बँडच्या आवाजाचा सराव वेगळा, लांबून. झूल आणि बँड एकाच दिवशी आणू नये.

आता शहरातला विषय, कुत्र्याची मुसकी. सात रस्ता असो की जुळे सोलापूर, दवाखान्यात मुसकी चढवताना होणारी झटापट मालकाने आठ-दहा दिवस घरी दिले असते तर टळली असती. मुसकी जाळीची, टोपलीसारखी घ्यावी. आत कुत्र्याला तोंड उघडून धापता आले पाहिजे. कापडी पट्टीच्या मुसकीत तोंड मिटून राहते. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि कुत्रा अंग थंड करतो तो मुख्यतः धापून. अशी मुसकी घालून दुपारी कुत्रा फिरवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. पट्टा मानेवर एक बोट जाईल इतका सैल.

पहिले दोन दिवस मुसकी वाटीसारखी हातात धरावी आणि आत खाऊ टाकावी. कुत्र्याने आपण होऊन नाक घातले की टिक्. मुसकी त्याच्या तोंडावर न्यायची नाही, तोंड मुसकीत यायला हवे. नाक आत राहण्याचा वेळ एक, तीन, पाच, दहा सेकंद असा वाढवावा. जाळीतून खाऊ देत राहावी म्हणजे नाक आतच राहते. मग पट्टे कानामागे नुसते टेकवायचे. मग बकलाचा ‘टच्’ आवाज मुसकी लांब असताना ऐकवायचा. मगच बकल लावून लगेच काढायचे. बकल लावल्या दिवशी अर्धा मिनिट पुरे. कुत्रा पंजाने ओरबाडू लागला तर आपण घाई केली. खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे किंवा पनीरचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. भाकरीचा वाळका तुकडा चावण्यात वेळ जातो आणि लय तुटते. पीनट बटर जाळीला लावणाऱ्यांनी डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेले नाही ना हे पाहावे, ते कुत्र्याला विष आहे. घरचे म्हणून शेंगाचटणी लावायचा मोह तर अजिबात नको. तिच्यात लसूण असतो, तोही कुत्र्याला घातक.

नखांसाठी सोलापुरी टॉवेलची चौपदरी घडी स्टुलावर ठेवून तिच्यावर हनुवटी टेकवायला शिकवावे. गाईचे झाकण तशी ही कुत्र्याची घडी. हनुवटी घडीवर, म्हणजे चालू द्या. उचलली, म्हणजे थांबा. नेलकटरच्या ‘कट्’ आवाजाची ओळख कच्ची मॅकरोनी कापून करून द्यावी. नंतर एका बैठकीला एकच नख, तेही टोकाचे एक-दोन मिलिमीटर. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून थोडे थोडे कापावे. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे आणि त्या दिवशी पुढे जाऊ नये.

हे सगळे कुठे लागू नाही, तेही सांगितले पाहिजे. दुखत असलेल्या, जखमी किंवा अडलेल्या जनावराला शिकवत बसू नये. तिथे पशुवैद्य, गरज पडली तर भूल. अचानक वागणे बदललेले, लाळ गाळणारे, गिळता न येणारे जनावर असेल, मग कुत्रा असो वा गाय, तर पिसाळल्याचा संशय धरून हातच लावू नये, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. आणि घरात एकाच वेळी तिघांनी क्लिकर घेऊन शिकवू नये. सुरुवातीला माणूस एक, जागा एक, वेळ ठरलेली. जमल्यावर मात्र मुद्दाम दुसऱ्या माणसाने, शक्य तर पँट-शर्ट आणि बूट घातलेल्या, तेच करून पाहावे. घरच्या धोतराला सरावलेली गाय डॉक्टरांच्या बुटांच्या आवाजाला बिथरते, असे सर्रास होते.

आमची मागणी छोटी आहे. लसीकरणाची तारीख आदल्या दिवशी दवंडीसारखी कळते. ती किमान तीन आठवडे आधी दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर लिहावी. ज्या गावात दवाखाना आहे तिथला खोडा आठवड्यातून दोन सकाळी सरावासाठी मोकळा ठेवावा. रिकामी सिरिंज आणि थोडे स्पिरिट मागणाऱ्याला द्यावे, सुई देऊ नये. कार्तिकीला वाखरीत जनावरांचा बाजार भरतो, तिथे एक बांबूचे कुंपण, एक घमेले आणि एक गाय एवढ्यावर हे सगळे अर्ध्या तासात दाखवता येईल. बाजारातली गाय परक्या गर्दीत आधीच बावरलेली असते, तेव्हा दाखवायला आणायची ती शिकलेली, आदल्या दिवशी आणून तिथे रात्रभर बांधलेली असावी, आणि कर्णा तिच्यापासून लांब लावावा.

आपले,
पशुवैद्यक व प्राणी-प्रशिक्षणात काम करणारे काही वाचक,
सोलापूर